तारेखालचा कागद

नवी ध्वनिमुद्रिका हाती आली की आधी वादकांची नावं वाचायची, ही माझी जुनी खोड. लिओनेल लुएकेचा ‘हेरिटेज’ हा २०१२चा अल्बम मला कोणीतरी सुचवला, तो ‘जॅझ गिटार, पण फंक-रॉकच्या अंगाने, आणि भरपूर आफ्रिकी ताल’ अशा शब्दांत. वर्णन खोटं नव्हतं. ऐकताना कानावर खरोखरच तालवाद्यांची गर्दी येते. काहीतरी टकटकतं, काहीतरी खुळखुळतं, लाकडावर बोटं पडतात, मध्येच कोणी जिभेने टाळूवर चुटकी वाजवल्यासारखा आवाज काढतं. ही सगळी मंडळी कोण, म्हणून यादी पाहिली. गिटार आणि आवाज लुएकेचा. पियानो आणि इलेक्ट्रिक पियानोवर रॉबर्ट ग्लास्पर, बेसवर डेरिक हॉज, ड्रम्सवर मार्क जुलियाना. पाहुणी गायिका ग्रेचेन पार्लाटो. यादी संपली. आफ्रिकी तालवाद्यं वाजवणारा कोणी नाहीच. आफ्रिकेत जन्मलेला माणूस त्या स्टुडिओत एकच, आणि त्याच्या हातात गिटार.

मग ती गर्दी आली कुठून?

लुएके जन्मला १९७३मध्ये, पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये. टोगो आणि नायजेरियाच्या मध्ये उभ्या पट्टीसारखा हा देश. त्याच्या जन्मावेळी देशाचं नाव दाहोमी होतं. १९७५मध्ये ते बदलून बेनिन झालं. लहानपणी तो तालवाद्यं वाजवायचा. गिटार हाती आली ती पुष्कळ उशिरा, सतराव्या वर्षाच्या सुमाराला. वाद्य मिळालं, पण तारांचं काय? तुटलेली तार बदलायला जवळपास दुकान नव्हतं. मग हा मुलगा वापरलेल्या तारा उतरवून व्हिनेगरमध्ये भिजत ठेवायचा, म्हणजे घामाचा मळ निघून आवाज जरा उजळावा. अगदीच इलाज हरला तेव्हा त्याने सायकलच्या ब्रेकची तार गिटारवर चढवली. ती तार सुरात येईपर्यंत ताणायची म्हणजे वाद्याच्या मानेवर केवढा भार! मान वाकली.

अशा गोष्टी सांगताना गरिबीचा गौरव करायचा मोह होतो. मला त्यात रस नाही. टंचाईने कुणी कलावंत होत नसतो, झालाच तर हैराण होतो. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्याने गिटारवर ब्रेकची तार लावून पाहिली आहे त्याला गिटार ही वस्तू पवित्र वाटणं शक्य नाही. तिच्यातून काय निघावं हे कारखान्याने ठरवून दिलेलं आहे, असं त्याला वाटत नाही. पुढे त्याला पाहिजे तितक्या तारा मिळाल्या. १९९०मध्ये तो आयव्हरी कोस्टमधल्या आबिदजानला संगीत शिकायला गेला, तिथून पॅरिसला, तिथून बोस्टनच्या बर्कली कॉलेजात, आणि २००१मध्ये लॉस एंजेलिसच्या थेलोनियस मंक इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे निवड करायला बसलेल्यांत जॅझमधले दिग्गज हर्बी हॅनकॉक, वेन शॉर्टर आणि टेरेन्स ब्लँचर्ड होते. पार्लाटोही त्याच संस्थेत शिकलेली. म्हणजे जॅझचं सगळं व्याकरण त्याने रीतसर, मोठ्या शाळांतून घेतलं. तरी गिटारशी खटपट करण्याची सवय सुटली नाही. उलट त्या खटपटीचंच त्याने तंत्र केलं.

त्यातला एक प्रकार म्हणजे तारांखाली कागद सरकवणं. साधा कागदाचा तुकडा, घोडीजवळ तारांमध्ये अडकवलेला. आवाज लगेच बदलतो. सुराचं शेपूट तुटतं, त्याला एक खरखरीत कड येते, आणि गिटार अंगठ्यांनी वाजवायच्या कालिंबासारखी बोलू लागते. पाश्चात्त्य गिटारवादक जी खरखर दोष म्हणून काढून टाकतात, ती इथे मुद्दाम आणलेली असते. पश्चिम आफ्रिकेत ही आवड जुनी आहे. बालाफोनच्या लाकडी पट्ट्यांखाली भोपळे टांगलेले असतात, त्या भोपळ्यांना भोकं पाडून वर कोळ्याच्या जाळ्याचा पापुद्रा चिकटवतात, कशासाठी, तर प्रत्येक स्वराबरोबर थोडं गुणगुणणं यावं म्हणून. नितळ स्वर तिथल्या कानाला उघडा वाटतो.

हे मराठी श्रोत्याला वेगळं समजावून द्यायला नको. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आले आहेत. घोडीचा माथा घासायचा, तारेखाली सुती धागा सरकवायचा, तो मागेपुढे करत राहायचं. एका जागी तार उमलते आणि तिच्यातून बाकीचे स्वर ऐकू येऊ लागतात. आपला धागा स्वर लांबवतो, लुएकेचा कागद तो तोडतो. आपल्याला त्यातून आधार हवा असतो, त्याला ठोका. पण तारेला नुसतं सुटं सोडायचं नाही, तिच्या वाटेत काहीतरी ठेवायचं, ही बुद्धी दोन्हीकडे सारखी आहे. म्हणून त्याचा आवाज मला पहिल्यांदा ऐकतानाही परका वाटला नाही.

दुसरा प्रकार जिभेचा. लुएके वाजवताना गातो, आणि गाता गाता जिभेने टक्‌ टक्‌ असे आवाज काढतो. ते ड्रमच्या काठावरच्या काडीसारखे नेमके पडतात. ऐकणारा साहजिकच समजतो की ही त्याच्या मातृभाषेची लकब असणार. तसं नाही. तो फॉन या बेनिनमधल्या भाषेत गातो, आणि फॉनमध्ये असले ध्वनी नाहीत. ते आहेत खोसा भाषेत, म्हणजे बेनिनपासून हजारो किलोमीटर दूर, खंडाच्या दक्षिण टोकाला. मिरियम मकेबाच्या गाण्यांनी ते जगभर पोचवले. आणि खोसा लोकांचेही ते मूळचे नव्हेत. त्यांनी ते शेजारच्या खोइसान भाषांमधून उचलले. म्हणजे ज्या आवाजाला आपण झटकन ‘अस्सल आफ्रिकी’ म्हणतो तो तिथल्या तिथेच दोनदा हात बदलून आलेला आहे. ‘हेरिटेज’ हे नाव देणाऱ्या माणसाला याची जाण असणार. वारसा रक्तातून आपोआप येतो असं त्याचं संगीत कुठेच म्हणत नाही. तो ऐकावा लागतो, उचलावा लागतो, जिभेला वळण लावावं लागतं.

गाण्याची आणखी एक गंमत आहे. आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागून येतो, गळ्यातून जागा निघाली की अर्ध्या पावलाच्या अंतराने तीच बोटांतून काढतो. लुएकेच्या बाबतीत गळा आणि बोटं एकाच माणसाची आहेत, त्यामुळे पुढेमागे कोणी नाही. जॉर्ज बेन्सनला ऐकून तो जॅझकडे वळला, आणि गिटारच्या ओळीबरोबर तीच ओळ गाणं ही बेन्सनची खासियत. लुएकेने मात्र तिच्यात तालवाद्यवाल्याचा गळा घातला. शब्द मला कळत नाहीत, पुष्कळदा ते शब्द नसतातही. पण अक्षरांचा जो मारा होतो तो ऐकताना तबल्याच्या पढंतीची आठवण होते. आधी तोंडात आलं पाहिजे, मग हातात.

ढोलकी वाजवणाऱ्या एका मित्राला मी ‘हेरिटेज’मधल्या रचना ऐकवल्या. तो डोळे मिटून, गुडघ्यावर बोटं आपटत ऐकत होता. थोड्या वेळाने बोटं थांबली. “अरे, सम कुठंय ह्याची?” त्याने विचारलं. तक्रार नव्हती, हुरूप आला होता.

प्रश्न मुळावरचा होता. आपला ताल हा परत येण्याचा करार आहे. एकतालात बारा मात्रा, दोन-दोनचे सहा विभाग, टाळी कुठे, खाली कुठे हे ठरलेलं. गायक कितीही भटकला तरी समेवर भेटायचं सगळ्यांना माहीत असतं. लुएके ज्या किनाऱ्यावर वाढला तिथल्या एका फार जुन्या घंटेच्या ठोक्यांतही बाराच मात्रा आहेत. ठोके सात: लांब, लांब, आखूड, लांब, लांब, लांब, आखूड. लांब म्हणजे दोन मात्रा, आखूड म्हणजे एक. मात्रा सारख्या, पण घंटा टाळी-खाली सांगत नाही. त्याच बारा मात्रा एक ढोल तीन-तीनच्या चार गटांत ऐकतो, दुसरा चार-चारच्या तीन गटांत, आणि दोघेही बरोबर असतात. पाया कुठे आहे ते नाचणाऱ्याचे पाय ठरवतात. आपण बसून ऐकणारे. आपल्याला जमीन वाद्याकडून हवी असते. तिकडे ती ऐकणाऱ्याने बरोबर आणायची असते.

आता या अल्बमची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. अशा संगीतात मराठी कानाला पाय टेकायला जागा मिळते ती फंकमुळे. जेम्स ब्राउनने साठच्या दशकात अमेरिकी नाचाच्या संगीताचा तोल बदलला. त्याआधी जोर दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर असायचा. त्याने सगळ्या वाद्यवृंदाला पहिल्या मात्रेवर एकत्र आदळायला लावलं. मधल्या जागेत ज्याला जे करायचं ते करा, पहिलीवर मात्र हजर राहा. ही जवळजवळ आपली समच. ‘हेरिटेज’मध्ये हॉजचा बेस आणि जुलियानाचे ड्रम्स ही शिस्त पाळतात, अर्थात आपल्या पद्धतीने वाकवून. लुएकेची गिटार त्या जमिनीवर तिरकी चालते. ग्लास्परचा पियानो कधी इकडचा होतो, कधी तिकडचा. माझ्या मित्राला सम सापडली ती हॉजच्या बेसमध्ये. अमेरिकी फंक आपल्याला ओळखीचं आणि आफ्रिकी घंटा कोड्यात टाकणारी, अशी उलटी वाटणी ऐकताना झाली.

पण फंक ‘अमेरिकी’ आणि घंटा ‘आफ्रिकी’ ही वाटणी तरी कितपत खरी? अल्बममधल्या रचनांची नावं वाचली की ती डळमळते. सुरुवातीच्या रचनेचं नाव ‘ईफे’. आजच्या नायजेरियातलं हे गाव. योरुबा लोकांच्या श्रद्धेप्रमाणे जग तिथे सुरू झालं. दुसरी ‘वीदा’, बेनिनच्या किनाऱ्यावरचं बंदर. वोदून धर्माचं मोठं केंद्र, गायिका अँजेलिक किद्जोचं जन्मगाव, आणि अटलांटिकपलीकडे माणसं विकणाऱ्या व्यापाराचा एक मोठा धक्का. वीदाच्या समुद्रकाठी आज एक कमान उभी आहे; तिचं नाव ‘परत न येण्याचं दार’. आणखी एका रचनेचं नाव ‘गोरे’, हे सेनेगलमधल्या डाकारसमोरचं बेट, त्याच व्यापारातलं. एक आहे ‘आफ्रिकन शिप’. एक ‘फ्रीडम डान्स’. ओळीने मांडली तर ही नावं एका प्रवासाच्या थांब्यांसारखी दिसतात.

त्या जहाजांतून ताल गेले. हैतीत फॉन लोकांचे, क्यूबात आणि ब्राझीलमध्ये योरुबांचे, अजून नावागावासकट ओळखू येतात. ती बारा मात्रांची घंटा क्यूबात आजही वाजते. उत्तर अमेरिकेत मात्र वेगळं घडलं. १७३९मध्ये साउथ कॅरोलायनात गुलामांनी उठाव केला, तेव्हा ते ढोल वाजवत कूच करत होते. दुसऱ्याच वर्षी तिथल्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी घातली. ढोल दूरवर निरोप देतो, माणसं जमवतो, हे मालकांनाही कळत होतं. न्यू ऑर्लिन्समधल्या काँगो स्क्वेअरसारखी एखादी जागा सोडली, जिथे रविवारी गुलामांना जमून ढोल वाजवता येत, तर तिकडे ढोलांना फारशी जागा उरली नाही. मग ताल गेला कुठे? हातात, मांडीवर, टाचेत, छातीवर. टाळ्यांनी आणि अंगावर थापा मारून अख्खा नाच उभा करायची कला तिथे तयार झाली. पुढे ताल बँजोत गेला, मग गिटारमध्ये.

जेम्स ब्राउनच्या वाद्यवृंदातला गिटारवादक जिमी नोलन काय करायचा ते यासाठी पाहण्यासारखं आहे. तो डाव्या हाताची बोटं तारांवर पुरती दाबत नसे, नुसती टेकवे. उजवा हात वेगाने खालीवर. त्यामुळे सूर जेमतेम निघे, निघे ती कोरडी खरड, कोंबडीने माती उकरावी तशी. तिथल्या वादकांत तिला नावही तेच पडलं. सूर दाबून गिटारला तालवाद्य करणं, हा फंकचा कणा. आता लुएकेचा कागद आठवावा. समुद्राच्या एका काठावर ढोल काढून घेतलेल्या लोकांच्या नातवंडा-पणतवंडांनी गिटारचा सूर दाबून तिच्यातून ढोल काढला. दुसऱ्या काठावर, जिथून ढोल कधी गेलाच नव्हता, तिथल्या तालवाद्य वाजवणाऱ्या मुलाने तारांखाली कागद घालून तेच केलं. ‘हेरिटेज’मध्ये ही दोन गिटार-वळणं एकाच माणसाच्या हातात आहेत. यात मिश्रण कुठलं? हे तर ताटातूट झालेल्या दोन घरांनी आपापल्या चुलीवर एकच आमटी शिजवत राहावं, तसं.

बरं, दोन्ही काठांची गाठ लुएकेने पहिल्यांदा घातली असंही नाही. जहाजांनी ताल नेले, रेकॉर्डींनी ते परत आणले. १९६८मध्ये बेनिनमधल्या कोतोनूत पॉली-रिद्मो नावाचा वाद्यवृंद सुरू झाला. जेम्स ब्राउनचं फंक आणि वोदूनच्या पूजेतले ताल त्यांनी एका पंक्तीला बसवले. शेजारच्या लागोसमध्ये फेला कुटी आणि त्याचा ड्रमर टोनी ॲलन त्याच सुमारास आफ्रोबीट घडवत होते. लुएके वाढला त्या हवेत फंक आधीच मिसळलेलं होतं. अमेरिकेत जाऊन त्याने फंक ‘घेतलं’ असं म्हणणं म्हणूनच अर्धवट ठरतं.

आणि अमेरिकेनेही आफ्रिकेची वाट रेकॉर्डींवरूनच शोधली होती. १९७३मध्ये, म्हणजे लुएकेच्या जन्मवर्षीच, हर्बी हॅनकॉकचा ‘हेड हंटर्स’ हा अल्बम निघाला. जॅझ आणि फंक यांच्या सोयरिकीत तो मैलाचा दगड मानतात. त्यात हॅनकॉकने आपली जुनी रचना ‘वॉटरमेलन मॅन’ नव्याने बांधली. तिच्या सुरुवातीला एक विलक्षण आवाज येतो, शिट्टी आणि गाणं यांची साखळी. तालवाद्य वाजवणारा बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकतो आहे, आणि फुंकरींच्या मध्ये गातो आहे. मध्य आफ्रिकेच्या जंगलातले बाबेन्झेले लोक एका स्वराची शीळ आणि गळा आलटून पालटून असंच गातात. संशोधकांनी साठच्या दशकात ते मुद्रित केलं होतं आणि ती तबकडी पश्चिमेत पोचली होती. समर्सने त्याची बाटलीवर नक्कल केली. ऐकायला ती फार सुंदर आहे. बाबेन्झेलेंच्या पदरात मात्र त्या लोकप्रियतेचं काही पडलं नाही.

हे मी आरोप म्हणून सांगत नाही. गुलामीने ज्यांची गावं, नावं, भाषा पुसल्या त्यांच्या वंशजांनी एका तबकडीतून जमेल तशी आफ्रिका शोधणं, यात चोरीपेक्षा ओढ जास्त आहे. तरी एक फरक जाणवतो. बाटलीतली आफ्रिका रचनेच्या दारात उभी राहते, मग मूळ चाल सुरू होते. तिला काढून टाकलं तर गाणं उरतं. ‘हेरिटेज’मधून काय काढाल? कागद काढला तर गिटारची ओळ बदलते, जिभेचे ठोके काढले तर जुलियानाने कुठे थांबायचं ते बदलतं, बेस काढला तर सगळं अधांतरी. एक धागा ओढला की कापडच गोळा होतं.

फ्यूजन ऐकताना मी हीच कसोटी लावतो. आपल्याकडेही कीबोर्डच्या चालीवर तबला पसरून त्याला फ्यूजन म्हणायची रीत आहे. तबला काढा, कुणाच्या लक्षात येणार नाही. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन आणि आपल्या माहीमचे झाकीर हुसेन यांची ‘शक्ती’ वेगळी होती, कारण मॅक्लॉफ्लिनने आपल्याकडच्या ताल-रागांपुढे शिष्य म्हणून बसायची तयारी ठेवली. ‘हेरिटेज’मधले अमेरिकी वादकही पाहुण्यासारखे वाजवत नाहीत. ग्लास्पर या अल्बमचा सहनिर्माताही आहे. त्याच वर्षी त्याने स्वतःचा ‘ब्लॅक रेडिओ’ काढला आणि त्यासाठी पुढच्या वर्षी जॅझवाल्या पियानिस्टने आर अँड बीचं ग्रॅमी मिळवलं. जुलियाना पुढे डेव्हिड बोईच्या शेवटच्या अल्बमवर वाजला. एका चौकटीत न मावणारी ही माणसं. लुएकेच्या आफ्रिकेला त्यांनी शोभेसारखं वागवलं नाही, तिच्याशी हुज्जत घातली. ती हुज्जत ऐकू येते, आणि तीच या संगीताची गोडी आहे.

२०२०मध्ये लुएकेने ‘एचएच’ नावाचा अल्बम काढला: हॅनकॉकच्या रचना, एकट्याने, गिटार आणि गळा यांवर. मंक इन्स्टिट्यूटमध्ये ज्यांनी त्याला निवडलं, ज्यांच्या वाद्यवृंदात तो वर्षानुवर्षं वाजवत आला, त्या गुरूला दिलेली दक्षिणा. त्यात ‘वॉटरमेलन मॅन’ आहे. शिकागोत जन्मलेल्या हॅनकॉकची चाल, जी १९७३मध्ये आफ्रिकेची शीळ उसनी घेऊन नटली होती, ती आता आफ्रिकेत जन्मलेला माणूस वाजवतो, स्वतःच्या जिभेवर ठोके देत. हॅनकॉकने शिष्याला जॅझ दिलं, शिष्याने ते गुरूच्या आजी-आजोबांच्याही आधीच्या काठावरून परत दिलं. कोण कोणाचं देणं लागतो याचा हिशेब मांडायला बसलं तर वीदाच्या बंदरापर्यंत मागे जावं लागेल, आणि तिथली खरी वसुली कुठल्याही अल्बमने होणारी नाही. संगीताला जे जमतं ते एवढंच, की लुटून नेलेली वस्तू जिथे पोचली तिथे ती मेली नव्हती, वाढत होती, हे दोन्ही काठांना ऐकवणं. लुएके ते ऐकवतो, आणि त्यासाठी त्याला ढोलसुद्धा लागत नाही.